भीमेच्या माहेरी

मुलांनो, सोलापूरचा सात रस्ता तुम्ही पाहिलाय का? नसेल पाहिला तर नावावरूनच ओळखा. सात बाजूंनी सात रस्ते येतात आणि एका जागी भेटतात. रिक्षा, दुचाक्या, शाळेच्या मुलांनी भरलेल्या व्हॅन, मधूनच एखादा उसाचा ट्रॅक्टर, आणि सगळ्यांचे हॉर्न एकाच वेळी! मी तिथून जवळच राहते. एप्रिल-मे महिन्यात तिथं दुपारी उभं राहिलं की चपलेच्या तळव्यातूनही चटके बसतात. रस्त्याकडेच्या कडुनिंबाची चारचौघांपुरती सावली म्हणजे आमचं महाबळेश्वर!

2018 सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. अशाच एका दुपारी मैत्रिणीनं फोनवर एक फोटो पाठवला. आम्ही दोघींनी डी.एड. बरोबरच केलं. लग्नानंतर ती अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेली. फोटोत एका झाडाचं नुसतं खोड होतं. आमच्या घराच्या भिंतीएवढं रुंद! त्या खोडाशी मैत्रीण उभी होती, पण ती मला जरा वेळानंच सापडली. खाली तिनं लिहिलं होतं, ‘हे रेडवूड. बिग बेसिन नावाच्या जंगलातलं. इथली काही झाडं हजार वर्षांहून जुनी आहेत. थोडं चाललं की एक छोटासा धबधबा लागतो. तुमच्याकडे आहे का गं असं जुनं जंगल?’

माझ्या मुलानं फोटो पाहिला. तेव्हा तो चौथीत होता. तो म्हणाला, “आई, आपल्याकडे बाभळी आहेत. तसं लिही.”

मी काहीच लिहिलं नाही. प्रश्न मात्र मनात राहिला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि वर्गात दुसरा प्रश्न उभा राहिला. पाण्याचा पाठ चालला होता. मी विचारलं, “पाणी कुठून येतं?”

“नळातून, बाई!”

“आणि नळात?”

“टाकीतून!”

“टाकीत?”

“उजनीतून!” हे सोलापूरच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. उजनी धरण भरलं का, किती टक्के भरलं, ही चर्चा आमच्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखी चालते.

“बरं, आणि उजनीत?”

“भीमा नदीतून.”

“आणि भीमेत?”

वर्ग गप्प. खरं सांगू का? पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, ‘भीमा नदी भीमाशंकर येथे उगम पावते.’ पण ती जागा कशी दिसते, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं, की या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी मिळेल. भीमाशंकरला जुनं जंगल आहे. त्या जंगलात थोडं चाललं की धबधबा आहे. आणि तो धबधबा आपल्या भीमेचाच!

देवाच्या नावानं राखलेली झाडं

जायच्या आधी एक शब्द समजून घ्या. तो म्हणजे देवराई. काही ठिकाणी तिला देवरहाटी म्हणतात. गावाजवळचा झाडीचा एक तुकडा देवाच्या नावानं राखून ठेवायचा, त्यातलं लाकूड तोडायचं नाही, पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, असा गावाचाच नियम. कायद्याच्या कागदावर लिहिण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, तरी जुने वृक्ष, दुर्मीळ वेली आणि बारमाही झरे या देवरायांमध्ये टिकून राहिले होते.

भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. देवळाभोवतालचं रान लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाचं म्हणून जपलं. 1985 साली सरकारनं इथल्या सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगलाला अभयारण्य म्हणून जाहीर केलं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलेलं आहे.

हुतात्मा ते एस.टी.

श्रावणात भीमाशंकरला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही सप्टेंबरच्या शेवटी निघालो. मी, माझे यजमान, मुलगा आणि आठवीतली भाची. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. या गाडीचं नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या आठवणीचं आहे, बरं का. 12 जानेवारी 1931 ला इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं.

डब्यात काय होतं, ओळखा पाहू? कडक भाकरी आणि शेंगा चटणी! सोलापूरकराचं प्रवासातलं अन्न हेच. चार दिवस झाले तरी बिघडत नाही.

भिगवणच्या बाजूला गाडी आली, की खिडकीतून उजनीचं पाणी दिसू लागतं. हिवाळ्यात तिथं लांब पायांचे रोहित पक्षी उतरतात. मुलगा खिडकीला नाक लावून म्हणाला, “आई, हे आपल्या नळातलं पाणी?”

“हो. आणि आपण आता त्याच्या उलट्या दिशेनं चाललोय. नदीच्या अंगावरून तिच्या घराकडे.”

पुण्याहून एस.टी.नं राजगुरुनगर, मंचर करत घोडेगावला पोचलो. तिथं ओळखीच्या एका गुरुजींकडे मुक्काम केला. वहिनींनी गरम गरम पिठलं-भात वाढला आणि बजावलं, “उद्या छत्रीच्या भरवशावर राहू नका. तिथं पाऊस वरून येतो, खालून येतो, आडवा पण येतो!”

सोलापूरला वर्षाला साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. भीमाशंकरला तीन हजारांच्या वर! ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात आणि तिथंच रिते होतात. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या पिशवीत फारसं काही उरत नाही.

धुक्यातली वाट

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं भीमाशंकरला उतरलो आणि क्षणभर आपण कुठं आलो तेच कळेना. धुकं! दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. स्टँडपासून देवळापर्यंत दोनशेवर पायऱ्या उतराव्या लागतात. दर्शन घेतलं. इथल्या मंदिराच्या बांधकामात नाना फडणविसांचा हात आहे. देवळाजवळ एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजीअप्पांनी 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर ती इथं दिली, असं सांगतात.

गुप्त भीमाशंकरची वाट देवळापासूनच सुटते. अंतर दीड-दोन किलोमीटर. तुमच्यापैकी पहिलीतलं पोरगंही आई-बाबांचा हात धरून चालू शकेल. फक्त पायात घसरणारी चप्पल नको.

पहिल्या पाच मिनिटांतच माणसांचा आवाज मागं राहिला. आता फक्त टप्‌ टप्‌ टप्‌ ऐकू येत होतं. भाचीनं छत्री बाजूला करून वर पाहिलं. “मावशी, पाऊस तर थांबलाय. मग हे काय पडतंय?”

खरंच, पाऊस नव्हता. धुक्यातलं पाणी पानांवर जमत होतं, थेंब होऊन खाली पडत होतं. झाडंच पाऊस पाडत होती म्हणा ना!

झाडं रेडवूडसारखी ढगात गेलेली नव्हती. अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा अशी आपल्या ओळखीची नावं. पण रूप ओळखीचं नव्हतं. खोडांवर बोटभर जाड शेवाळ, शेवाळावर नेचे, फांद्यांवर राखाडी पापुद्रे. मी मुलांना विचारलं, “हे पापुद्रे कुठं पाहिलेत?” दोघंही विचारात पडली. शेवटी मीच सांगितलं, “आपल्या काळ्या मसाल्याच्या डब्यात! हे दगडफूल.” बुरशी आणि शैवाल, दोघांनी मिळून थाटलेला हा संसार आहे. बुरशी घर देते, शैवाल अन्न बनवतं. असं जंगल पावसाळ्याच्या रात्री काही ठिकाणी हिरवट चमकतंसुद्धा! कुजणाऱ्या लाकडावरची एक प्रकारची बुरशी मंद प्रकाश देते. आम्ही संध्याकाळी परतणार होतो, त्यामुळे ती मजा हुकली.

वाटेत साक्षी विनायकाचं छोटं देऊळ लागतं. तिथं एक आजोबा बसले होते. डोक्यावर घोंगडीची खोळ, पायाशी हिरड्याची पिशवी. या भागातले महादेव कोळी लोक हिरडा गोळा करून विकतात. औषधात लागतो ना तो. आजोबांनी आम्हाला बोटानं गप्प राहायची खूण केली आणि वर दाखवलं.

शेकरू!

चित्रात तुम्ही पाहिलं असेल. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस-तपकिरी अंग, पोटाकडे पिवळसर, आणि शेपूट तर शरीराहून लांब. ते या फांदीवरून त्या फांदीवर असं गेलं, की जणू मधे हवाच नव्हती. पाच-सहा मीटरची उडी ते सहज घेतं.

“ते खाली येत नाय,” आजोबा म्हणाले. “त्याचा समदा रस्ता वरच्या वर.”

माझा मुलगा म्हणाला, “म्हणजे त्याचा सात रस्ता झाडावर!”

आजोबांना सात रस्ता ठाऊक नव्हता, पण पोराचं म्हणणं त्यांना कळलं. ते म्हणाले, “मधलं एक झाड तोडलं ना बाळा, तर त्याचा रस्ता तुटला. मग ते जाईल कुठनं?”

मुलांनो, याचा जरा विचार करा. आमच्या चौकात एखादा रस्ता खणून ठेवला, तर आम्ही कुरकुरत दुसऱ्या रस्त्यानं जातो. शेकरू जमिनीवर उतरलं, तर कुत्रं आणि बिबळ्या वाट बघत असतात. ते एकेक घरटंही उंच फांदीवर बांधतं, आणि एक नाही, अनेक बांधून ठेवतं. त्याला एखादं मोठं झाड पुरत नाही. एकमेकांना फांद्या टेकवून उभी असलेली खूप झाडं लागतात. जुनं जंगल म्हणजे नुसतं जुनं झाड नव्हे, ते हे असं.

मी आजोबांना विचारलं, “इथलं लाकूड कुणी नेत नाही?”

“आमच्या आज्यानं बी नेलं नाय. देवाचं हाय. आता लोक नेत नायत, पन आनून टाकत्यात.” त्यांनी वाटेच्या कडेला बोट दाखवलं. शेवाळावर वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. निळ्या, लाल, चकचकीत. भाचीनं न सांगता त्या उचलल्या आणि आमच्या भाकरीच्या पिशवीत घातल्या.

नदीचं पहिलं पाऊल

मग पाण्याचा आवाज आला. वाट एका ओढ्याशी उतरली आणि समोर गुप्त भीमाशंकर!

धबधबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोठा कडा आला असेल. तसं काही नाही. माणसाच्या उंचीहून थोडा वर असलेला काळा कातळ आणि त्यावरून उतरणारी पाण्याची पांढरी धार. ती खाली एका शिवलिंगावर पडते. भीमा देवळापाशी उगम पावते, मग गुप्त होते आणि इथं पुन्हा प्रकट होते, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून हे नाव.

मुलानं ओंजळ धरली. पाणी इतकं गार, की त्यानं हात मागं घेतला. पुन्हा धरली. ओंजळीत त्याच्या हाताच्या रेषा दिसत होत्या. “आई, हे इतकं स्वच्छ कसं? पाऊस तर चिखल करतो.”

आता इथं थांबून जरा नीट बघूया. वाटेवर मी त्याला जमिनीवरची पानं बाजूला करायला सांगितलं होतं. वर या वर्षीची सुकी पानं, खाली गेल्या वर्षीची अर्धी कुजलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि मुळांची जाळी. जोरदार पावसाचा थेंब आधी झाडाच्या शेंड्यावर आदळतो, मग खालच्या फांदीवर, मग या पानांच्या गादीवर. त्याचा जोर तिथंच संपतो. माती उडत नाही. पाणी गादीत मुरतं, हळूहळू खाली झिरपतं आणि दगडांच्या फटींतून गाळून बाहेर येतं. म्हणून पाऊस थांबल्यावरही झरा चालू राहतो. हाच डोंगर बोडका असता तर? पाणी एका दिवसात धावून गेलं असतं आणि जाताना मातीही घेऊन गेलं असतं.

आणि इथून पुढं? ही धार ओढा होते, ओढ्याची नदी होते. चासकमानच्या धरणात विसावते. पुढं भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या बहिणी तिला भेटतात. वाटेवरच्या शहरांचं सांडपाणीही तिच्यात येतं, हे मोठ्यांनी आठवायला हवं. मग 1980 साली पूर्ण झालेलं उजनी धरण. पुढं पंढरपूर. तिथं ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचं. उजनीतून जलवाहिनीनं सोलापूरला पाणी येतं. काही पाणी नदीतून सोडतात, ते टाकळीजवळ उचललं जातं. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरोघरी घागरी, बादल्या, पातेली भरून ठेवायची धांदल उडते. त्या धारेतला थोडा भाग या कातळावरून निघालेला असतो.

“म्हणजे हे भीमेचं माहेर,” भाची म्हणाली. मला तो शब्द फार आवडला.

माझी चूक

इथपर्यंत सगळं छान सांगितलं. आता जे सांगायला लाज वाटते, तेही सांगते.

परतताना वाटेत एक वाळकी फांदी मोडून पडलेली दिसली. तिच्यावर एक इवलीशी आमरी होती. आमरी म्हणजे ऑर्किड. फूल नव्हतं, चार-पाच जाडसर हिरवी पानं आणि फांदीला धरून बसलेली पांढरट मुळं. माझ्या मनात आलं, ही तर खालीच पडलीय. वर्गाला दाखवायला नेली तर काय बिघडलं? मुलं म्हणाली, “नको ना, आजोबांनी काय सांगितलं?” मी म्हटलं, “अरे, शिकवण्यासाठी नेतेय.” आणि रुमालात गुंडाळून ती पिशवीत घातली.

अभयारण्यातून काडीसुद्धा आणायची नसते. आणि देवराईचा नियम तर आणखी जुना. दोन्ही मला ठाऊक होते. शिक्षक असल्यानं चूक लहान होत नाही, उलट मोठी होते.

सोलापूरला आल्यावर मी ती एका कुंडीत मातीत लावली आणि वर्गाच्या खिडकीत ठेवली. मुलांना प्रवासाची गोष्ट सांगितली. नळापासून भीमेच्या माहेरापर्यंत सगळा रस्ता फळ्यावर काढला. आमरीवर तर मुलांचा एवढा जीव जडला, की रोज पाणी घालायच्या पाळ्या लागल्या.

ऑक्टोबरचं ऊन तापलं. दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली. तिसऱ्या आठवड्यात मुळं काळी झाली. एका सोमवारी आम्ही वर्ग उघडला, तर ती मरून गेली होती.

कुणी काही बोललं नाही. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, आम्ही तर रोज पाणी घातलं. आणि पाणी तर तिच्याच नदीचं होतं ना?”

मुलांनो, त्या प्रश्नाला उत्तर देताना माझा घसा दाटून आला. मी सांगितलं, “आमरीची मुळं मातीतली नसतात. ती झाडाला फक्त धरून राहतात, झाडाचं अन्न चोरत नाहीत. मुळांवर स्पंजसारखं पांढरं आवरण असतं. त्यानं ती पावसाचं, धुक्याचं पाणी टिपतात आणि लगेच वाऱ्यानं सुकतात. मी त्यांना मातीत पुरलं, त्यामुळे ती गुदमरली. पानांना ओली हवा हवी होती, आपल्याकडची कोरडी निघाली. चूक तुमची नाही. माझी आहे. नदीचं पाणी इथवर येतं, पण धुकं येत नाही, सावली येत नाही. ती तिथं होती तिथंच ठेवायला हवी होती.”

“पण ती तर खाली पडली होती ना, बाई?”

“हो. पण खाली पडलेलं जंगलाचंच असतं. ती कुजली असती, तरी तिची त्या गादीत माती झाली असती.”

मैत्रिणीला पत्र

त्या रात्री मी मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. ‘आहे गं आमच्याकडे जुनं जंगल,’ असं सुरू करून सगळं कळवलं, आमरीचंही. तिनं उलट लिहिलं, की रेडवूडसुद्धा धुकं पिणारी झाडं आहेत! त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. समुद्रावरून धुकं येतं, ते पानांवर जमून मुळांशी टपकतं, थोडं तर पानंच पिऊन टाकतात. म्हणजे भाचीनं छत्री बाजूला करून जे पाहिलं, तेच तिथंही. एवढ्या लांबची दोन जंगलं आणि पाणी प्यायची रीत सारखीच!

पण तिथल्या जुन्या रेडवूडांची गोष्ट दुःखाची आहे. शंभरातली जवळजवळ पंचाण्णव लाकडासाठी तोडली गेली. जी उरली, ती लोकांनी हट्टानं वाचवली. बिग बेसिनला 1902 साली संरक्षण मिळालं. तरी 2020 च्या ऑगस्टमध्ये विजा पडून वणवा लागला आणि ते जवळजवळ सगळं जंगल होरपळलं. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. दोन वर्षांनी, 2022 च्या जुलैत, जंगलाचा थोडा भाग पुन्हा उघडला. तिनं नवा फोटो पाठवला. काळंठिक्कर खोड, आणि त्यावर खालपासून वरपर्यंत हिरवे कोंब! रेडवूडची साल फूटभर जाड असू शकते. सालीखाली शेकडो वर्षं झोपून राहिलेले कोंब जागे झाले होते. बरीचशी जुनी झाडं वाचली.

आणि एक गंमत. जगातलं सर्वांत उंच झाड रेडवूडच आहे. ‘हायपेरियन’ त्याचं नाव. 2006 साली ते सापडलं. उंची 115 मीटरहून जास्त. त्याला बघायला इतके लोक झुडपांतून वाट काढत गेले, की बुंध्याशी नेचेसुद्धा उगवेनासे झाले. म्हणून 2022 पासून त्याच्याजवळ जाणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो. आग सोसणाऱ्या झाडांचं रान आपल्या पावलांनी मात्र उजाड होतं!

हे वाचलं आणि मला वेफर्सच्या पिशव्या आठवल्या, आणि माझा रुमालही. भीमाशंकरला वर्षभर लाखो लोक जातात. प्रत्येकानं एकच पिशवी टाकली आणि एकच आमरी नेली, तर?

तुम्ही काय कराल?

आधी घरी हा प्रयोग करा. दोन पसरट ताटल्या घ्या. दोन्हींत सारखी माती भरून दाबा. एकीवर सुकी पानं पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही थोड्या तिरप्या करा आणि झारीनं सारखंच पाणी घाला. खाली दोन भांडी ठेवा. कुठलं पाणी गढूळ आलं? कुठलं लवकर आलं? उत्तर पाठ करू नका, डोळ्यांनी बघा.

मग आई-बाबांबरोबर आपल्या जवळच्या जुन्या झाडीकडे जा. प्रत्येकाला भीमाशंकरला जाता येईल असं नाही. आणि जंगल म्हणजे झाडीच असंही नाही. आमच्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य केलं. तिथं उंच झाडं नाहीत, गवताळ माळ आहे. तोही जुना, तोही जपायचा. माझ्या मुलाला बाभळींची लाज वाटायचं कारण नव्हतं, हे मला नंतर कळलं.

पालकांना एक विनंती. सहलीला जाताना मुलांच्या खिशात एक रिकामी पिशवी द्या. आणि परतल्यावर ‘काय आणलंस?’ असं विचारण्याऐवजी ‘काय पाहिलंस?’ असं विचारा.

आमच्या वर्गानं त्या वर्षी एक लांबलचक तक्ता केला. नाव दिलं, ‘भीमा : माहेर ते सात रस्ता’. एका टोकाला चौकातला नळ आणि घागरी. मधे उजनी, पंढरपूर, चासकमान. दुसऱ्या टोकाला धुकं, शेकरू आणि कातळावरची धार. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं एका उंच फांदीवर आमरी काढली, आणि तिला जांभळं फूलही काढलं. खाली लिहिलं, ‘हिला इथंच राहू द्या.’

तो तक्ता आजही आमच्या वर्गात आहे. कडा फाटल्यात, रंग उडालाय, पण दर जूनमध्ये नवी मुलं त्याच्यासमोर उभी राहतात आणि बोटानं नदी मोजतात.

आता तुमची पाळी. तुमच्या नळाचं माहेर कुठलं? शोधून काढा, आणि आम्हाला नक्की कळवा!